पाच माणसांच्या घराला नीट जेवायला महिन्याला किती लागतं, आणि ते मजुरीत कसं बसवायचं? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

गिरणाथडी यांचा प्रश्न

नमस्कार. पारोळा तालुक्यातल्या कोरडवाहू गावातल्या एका बचत गटासाठी विचारते आहे. गटात अकरा घरं आहेत. सात भूमिहीन, चौघांकडे एक-दोन एकर वावर आणि ते सगळं कापसाखाली. रेशनचा गहू-तांदूळ येतो म्हणून पोट रिकामं राहत नाही. पण ताटात भाकरी किंवा पोळी, ठेचा आणि आठवड्यातून दोन-तीनदा पातळ वरण, एवढंच. अंडं-दूध जवळपास नाहीच. उपकेंद्रात रक्त तपासलं तर बऱ्याच बायांचं हिमोग्लोबिन दहाच्या आत निघालं.

पोषणाचे कार्यक्रम गावात होतात. तक्त्यावरचं चित्रातलं ताट सगळ्यांना पाठ आहे. बाया विचारतात, "ताई, कळतं सगळं, पण आणायचं कुठून?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मला तीन गोष्टी आकड्यांत हव्या आहेत. पाच जणांच्या घराला (दोन मजूर, एक म्हातारी, दोन लेकरं) बरं जेवण किती रुपयांत बसतं? मजुरीत कमी पडणारे पैसे खरोखर कुठून येऊ शकतात? आणि पैसे अपुरे असतील तर आधी काय घ्यायचं, काय मागे ठेवायचं? "जागृती करा" असं कृपया सांगू नका.

---

हिशोबाची वही

ताई, आधी मोजमाप. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५, भाज्या ४००, फळ १००, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ ३५ आणि तेल २७ ग्रॅम धरलं आहे. निंदणी-वेचणी करणाऱ्या अंगाला धान्य याहून जास्त लागतं, आणि माणशी ३०० मिली दूध मजुराच्या घरात उद्यापासून येणार नाही. म्हणून ज्याच्या खाली जाऊच नये असा हिशोब मांडतो. भाव मी धरलेले आहेत, तुमच्या आठवडे बाजाराचे घालून पुन्हा करा.

महिन्याला धान्य ५० किलो. त्यातलं २५ किलो रेशनचं फुकट, उरलेली २५ किलो ज्वारी-बाजरी ३५ रुपयांनी ८७५ रुपये. डाळी-कडधान्य माणशी ६० ग्रॅम म्हणजे ९ किलो, सरासरी १०० रुपयांनी ९००. शेंगदाणे ३ किलो ३९०. तेल ३ किलो ४५०. अंडी आठवड्याला पंधरा, महिन्याला ६५, सात रुपयांनी ४५५. दूध रोज अर्धा लिटर, महिन्याला १५ लिटर, ७५०. भाजी माणशी ३०० ग्रॅम म्हणजे ४५ किलो, ३० रुपयांनी १३५०. केळी रोज पाच, ४५०. मीठ, गूळ, मसाला, चहा ५००. बेरीज ६१२० रुपये. वर्षाचे ७३,४४०.

आता येणारा पैसा. गड्याला ४०० रुपयांनी वर्षात १८० दिवस काम मिळालं तर ७२,०००. बाईला २५० रुपयांनी १५० दिवस, ३७,५००. एकूण १,०९,५००. म्हणजे कागदावर हे जेवण परवडतं. पण घरात फायनान्स कंपनीच्या कर्जाचा महिन्याला २५०० रुपये हप्ता असेल तर ३०,००० तिकडे गेले. उरले ७९,५००. जेवण वजा केलं की वर्षाला ६०६० रुपये राहतात, आणि त्यात दवाखाना, शाळा, वीज, कपडे, आलं-गेलं सगळं. एक सलाईन आणि एक लग्न, संपलं.

दुसरी गोष्ट महिन्यांची. ऑक्टोबर ते जानेवारी वेचणी चालते तेव्हा घरात पैसा असतो. फेब्रुवारीपासून पेरणीपर्यंत कोरडवाहू पट्ट्यात हाताला काम नाही. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात बारमाही काम निघतं, पारोळ्यात नाही. निंदण्या आटोपल्या की भाद्रपदातही हात रिकामे. वर्षाची सरासरी ठीक दिसते आणि मार्च ते मे डाळ बंद होते, असा हा प्रकार आहे. पैसा तुटला की खर्च ठराविक क्रमाने कापला जातो. आधी दूध, मग अंडी, मग डाळ, मग भाजी. तेल-चहा शेवटपर्यंत टिकतात. नेमकं जे अंगाला लागतं ते आधी जातं.

म्हणून माझं मत असं की जेवणाचा प्रश्न हा सगळ्यात आधी रिकाम्या महिन्यांचा आणि हप्त्याचा प्रश्न आहे. तक्ता भिंतीवर लावायचाच असेल तर बारा महिन्यांचा लावा. प्रत्येक घराने कोणत्या महिन्यात काम नाही तिथे खूण करायची. अकरा घरांच्या खुणा एकाच दोन-तीन महिन्यांत जमतील. मदत, धान्यसाठा, रोहयोची (रोजगार हमी योजनेची) मागणी हे सगळं त्या महिन्यांवर रोखायचं. वेचणीचा पैसा हातात असताना, जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर निघते आणि पाठोपाठ हरभरा. तेव्हा गटाने शेतकऱ्याकडून एकत्र कडधान्य घ्यावं. घराला मार्च ते मे २७ किलो लागतं, अकरा घरांना तीन क्विंटल. तुरीची डाळ केली की क्विंटलला ७० ते ७५ किलोच हाती येते, ते धरून घ्या. कडक उन्हात दोन दिवस वाळवून कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. वाळवण कच्चं राहिलं तर आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) पोरकिडे सगळं पोखरतात.

आखाजीवरून आठवलं. तुमच्याकडे सालदारकी (एका मालकाकडे वर्षभराच्या बोलीवर काम) असेल तर साल आखाजीला ठरतं. बोली रोख रकमेची होते तेव्हाच मालकाशी ज्वारी आणि तुरीचा वाटा ठरवून घ्यावा. रोख उचल लग्न-दवाखान्यात जाते, कोठीतली ज्वारी घरातच राहते.

---

पांझराकाठ

वरच्या हिशोबात २५ किलो रेशन फुकट धरलंय. ते खरोखर २५ येतं का, हे घरोघर तपासा. बहुतेक वेळा तिथेच गळती सापडते.

अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून दोन्ही मोफत. महाराष्ट्रात प्राधान्यासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० आणि शहरात ५९,००० आहे. इथेच पहिली अडचण. वरच्या घराचं खरं उत्पन्न लाखाच्या पुढे दाखवलंय, म्हणजे दोन माणसं वर्षातले पाच-सहा महिने राबली तरी कागदावर ती "गरीब" उरत नाहीत. ही मर्यादा मजुरीच्या मानाने फार मागे राहिली आहे आणि ती वाढवायलाच हवी.

तपासायचं ते असं. कार्डाचा बारा अंकी नंबर घ्या आणि दुकानातल्या मशीनवर किंवा अन्न विभागाच्या पोर्टलवर किती नावं दिसतात ते बघा. पिवळ्या-केशरी पुस्तिकेवर पाच नावं हाताने लिहिलेली असतात आणि ऑनलाइन तीनच. सून आली, लेकरू झालं, पण नाव चढवलं नाही. दोन नावं नसली तर महिन्याला १० किलो, वर्षाला १२० किलो धान्य जातं. ३५ रुपयांनी ते ४२०० रुपये. नाव वाढवायला नमुना ८ चा अर्ज. बाळासाठी जन्मदाखला आणि आधार, सुनेसाठी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. हा माहेरचा दाखलाच अडतो, कारण माहेर दुसऱ्या तालुक्यात किंवा थेट गुजरात-मध्य प्रदेशात असतं. लग्न झाल्या महिन्यातच तो काढून घ्यायची सवय लावा. अर्जाची पोच तारखेसह घ्या, तोंडी "करून टाकतो" वर सोडू नका.

अर्ज मंजूर होऊनही धान्य सुरू होत नाही, तेव्हा "इष्टांक संपला" असं उत्तर मिळतं. ते खोटं नसतं. राज्याला एकूण ७ कोटी १६ हजार लाभार्थ्यांची मर्यादा आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची, दोन ठिकाणी असलेली नावं कमी झाली तरच जागा होते. म्हणून ग्रामसभेत लाभार्थी यादीचं वाचन मागा. गोड काम नाही, भावकीत वितुष्ट येतं. पण एक चुकीचं नाव निघालं की एक लेकरू बसतं.

विधवा, अपंग, एकटी म्हातारी माणसं प्राधान्यात असतील तर अंत्योदयासाठी वेगळा अर्ज करा. एकट्या बाईला ५ किलो आणि ३५ किलो यात आकाश-पाताळाचं अंतर आहे.

मशीनवर अंगठा उठत नाही ही मजुरांची नेहमीची तक्रार. मिरची तोडणाऱ्यांच्या, माती उपसणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. दुसरं बोट, मग डोळ्याची तपासणी, मग मोबाइलवरचा ओटीपी, या क्रमाने मागा. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर शेवटचा मार्ग बंद, ते काम आधी उरका. घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालंय का तेही विचारा, ते राहिलं म्हणून नावं थांबतात. पावती घेतल्याशिवाय पोतं उचलू नका. पावतीवर २५ आणि पोत्यात २२ असेल तर तक्रार १९६७ वर, पावतीचा फोटो जवळ ठेवून.

आणखी एक. तांदळात अधूनमधून दुधी रंगाचे वेगळे दाणे दिसतात. बाया ते "प्लॅस्टिक" म्हणून वेचून फेकतात. ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळलेले दाणे आहेत, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात. पाण्यावर तरंगतात म्हणून शंका येते. वेचू नका, आणि तांदूळ चार-चार पाण्यांनी धुऊ नका.

---

अक्राणी महाल

मी सातपुड्याच्या बाजूने लिहितो, कारण खान्देश म्हणजे नुसता तापीकाठ नव्हे. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) नंदुरबार जिल्ह्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त लेकरांचं वजन वयाच्या मानाने कमी निघालं. तिथलं गणित वेगळं आहे. दिवाळीनंतर घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात. उचल आधीच घेतलेली असते, म्हणजे हंगामाची मजुरी निघण्याआधी खर्च झालेली. लेकरू चार-पाच महिने अंगणवाडीबाहेर.

निघण्याआधी एवढं करा. एक देश एक रेशनकार्डामुळे तिथल्या दुकानात अंगठ्यावर धान्य मिळतं. कार्ड बदलायचं नाही, नंबर आणि आधार जवळ हवं. पण घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी महिन्याचं सगळं धान्य उचललं तर तिकडे काही उरत नाही. म्हणून गावच्या दुकानात फक्त राहणाऱ्यांच्या वाट्याचं उचलायचं, बाकी तिकडे. हे दुकानदाराला आधी सांगावं लागतं, नाहीतर तो एकदम सगळं काढतो. लेकरांची नोंद पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या ॲपवर) असते, त्यात स्थलांतराची सोय आहे. अंगणवाडी ताईंना जायच्या आधी सांगा आणि लेकराचं वजन-उंची लिहिलेलं कार्ड सोबत न्या.

पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी अनुसूचित भागातल्या) गावांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. गरोदर बायांना आणि ओल्या बाळंतिणींना रोज एक वेळचं पूर्ण जेवण. सात महिने ते सहा वर्षांच्या लेकरांना आठवड्यातून चार दिवस अंडं, आणि अंडं न खाणाऱ्याला केळी. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर पूर्ण, तर शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांचा काही भाग यात येतो. पारोळा येत नाही, पण या धाग्यावर त्या पट्ट्यातले वाचणारे असतील. बाईने जेवण अंगणवाडीतच जेवावं असा नियम आहे त्याला कारण आहे. डबा घरी नेला की तो पाच ताटांत वाटला जातो.

पैसे अपुरे असताना आधी काय, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. सहा महिने ते दोन वर्षांचं लेकरू आणि गरोदर-ओली बाळंतीण आधी. मोठ्या माणसाने महिनाभर दूध सोडलं तर ते भरून येतं. या वयातली खुंटलेली उंची सहसा भरून येत नाही. घरात रोज अर्धा लिटरच दूध येत असेल तर ते चहात घालून पाच जणांत वाटू नका. लेकरांना द्या, बाकीच्यांनी कोरा चहा घ्या. लेकराचं पोट वाटीएवढं असतं, त्यात पातळ पेज ओतली की पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. पेज चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट हवी, त्यात एक चमचा तेल (४५ कॅलरी) आणि शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट. दिवसातून चार-पाच वेळा. आई वेचणीला गेली की मधल्या दोन वेळा चुकतात, त्यासाठी म्हातारीकडे डबा भरून ठेवा.

दंडाची पट्टी अंगणवाडीत असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर ते अतितीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ मध्ये मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहिला तर दंड कितीही असो, त्याच दिवशी दवाखाना. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस ठेवतात. आईला बुडीत मजुरी मिळते, ती विचारून घ्या. मजुरी बुडते म्हणूनच बाया पाचव्या दिवशी लेकरू घेऊन निघून येतात.

---

गिरणाथडी

तिघांचेही मनापासून आभार. काल सहा कार्डं तपासली, त्यातल्या दोन घरांत ऑनलाइन नावं कमी आहेत. बारा महिन्यांचा तक्ता पुढच्या बैठकीत करते.

आता दोन अडचणी. रोहयोचं काम निघतं, पण हातात दर दिवसाचे पूर्ण पैसे पडत नाहीत, म्हणून बाया जात नाहीत. दुसरं, अकरापैकी आठ घरांवर फायनान्सचे हप्ते आहेत, तीन घरांवर दोन-दोन कंपन्यांचे. लाडकी बहीणचे पैसे येतात त्याच दिवशी हप्त्यात जातात.

---

मस्टर नंबर

रोहयोचा २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने शंभर दिवस पूर्ण झाले तर घराला ३१,२००, म्हणजे वरच्या हिशोबाने पाच महिन्यांचा किराणा. रिकाम्या महिन्यांवर नेमकं बसणारं याच्याएवढं मोठं दुसरं काही नाही, म्हणून ते सोडू नका. वनहक्काचा पट्टा असलेल्या आणि दुसरी जमीन नसलेल्या आदिवासी घरांना तेव्हा पन्नास दिवस जादा होते.

पैसे कमी पडण्याची कारणं ठरलेली आहेत. मजुरी मापावर मिळते. उन्हाळ्यातली कडक जमीन खणली आणि मापन पुस्तिकेत ती "मऊ माती" म्हणून लागली, तर तेवढ्याच घामाचे दोनशे निघतात. काम सुरू होतानाच तांत्रिक सहायकाला विचारा, की माती, मुरूम, कठीण मुरूम यातलं काय लावलंय आणि माणशी किती घनमीटर पडतं. मुरूम लागला की त्याच दिवशी बोलवा, आठवड्याने खड्डा बुजल्यावर कोण मानणार? मापाच्या वेळी गटातली लिहिता येणारी एक बाई टेपजवळ उभी हवी. हजेरीचे फोटो दिवसातून दोनदा लागतात. रेंज नाही म्हणून दुसरा फोटो चढला नाही तर अख्खा दिवस जातो. आणि गटात वीस नावं, कामावर चौदाच, असं असेल तर माप वीसांत वाटलं जातं. ही चोरी थेट तुमच्या ताटातून होते, तिथे गप्प बसू नका.

मागणी तोंडी चालत नाही. नमुना ४ भरून ग्रामपंचायतीत द्या, तारखेची पोच घ्या. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्त्याचा हक्क लागू होतो. पहिले तीस दिवस दराच्या चौथा हिस्सा, पुढे अर्धा. पोच नसेल तर मागणी झालीच नाही असं धरलं जातं. फेब्रुवारी-मेचं काम हवं असेल तर हालचाल ऑक्टोबरच्या ग्रामसभेत करावी लागते, कारण पुढच्या वर्षीच्या कामांची यादी तेव्हापासून बनते. मार्चमध्ये जाऊन "काम काढा" म्हटलं की शेल्फवर (मंजूर कामांच्या यादीत) काही नसतं. बँक खात्याला आधार जोडलेलं आणि चालू आहे ना तेही बघा, मजुरी आता आधारवरूनच जमा होते. दोन खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात आणि बाई जुन्या पासबुकात शोधत बसते.

हप्त्यांबद्दल. रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ पासूनचे नियम सांगतात की घरावरच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही. पण निम्मा म्हणजेसुद्धा फार. वरच्या घराचं महिन्याचं उत्पन्न नऊ हजार, त्यातले साडेचार हजार हप्त्यात गेले तर कायदा मोडत नाही आणि लेकराचं अंडं मात्र बंद होतं. गटापुरती घरामागे महिन्याला दीड हजाराच्या हप्त्याची मर्यादा ठरवा.

दोन कर्जं असलेल्या तीन घरांचं आधी करा. तुमचा गट उमेदमध्ये (बचत गटांच्या सरकारी अभियानात) असेल आणि वेळेवर परतफेड करणारा असेल तर बँकेकडून गटाला तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळतं. त्यातून फायनान्सचं सगळ्यात महाग कर्ज फेडून टाकायचं. फेडल्यावर "बाकी शून्य" असा कागद घ्यायचा आणि सहा महिने नवं कर्ज नाही, हे ठरावात लिहायचं. ते लिहिलं नाही तर त्याच आठवड्यात एजंट "ताई, तुमचा रेकॉर्ड चांगला" म्हणून दारात येतो, आणि घरावर गटाचं आणि फायनान्सचं अशी दोन्ही कर्जं चढतात. हे वारंवार होतं.

लाडकी बहीणच्या १५०० रुपयांत ९ किलो कडधान्य (९००) आणि ६५ अंडी (४५५) बसतात, १४५ उरतात. धान्य सोडलं तर वरच्या ताटातलं बरंचसं प्रोटीन त्यात आलं. हप्त्याचं खातं आणि हे खातं वेगळं ठेवा. कडधान्य गटाने ठोक आणलं तर किलोमागे काही रुपये वाचतात आणि पैसा जमा झाला त्याच दिवशी माल घरात पडतो.

---

दादरची भाकर

तुमनं म्हननं खरं शे, भो. ताटातलं थोडं मी बोलतो.

सगळ्यात स्वस्त आणि पूर्ण पदार्थ आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे, कळण्याची भाकर. तीन भाग ज्वारी, एक भाग सालासकट अख्खा उडीद, चिमूटभर मीठ, एकत्र दळायचं. ज्वारीत लायसिन (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं ते उडदात आहे, उडदात जे कमी ते ज्वारीत. १०० ग्रॅम पिठात सुमारे १३ ग्रॅम प्रोटीन, नुसत्या ज्वारीत १०. पीठ किलोला साधारण ५१ रुपये पडतं. एक ग्रॅम प्रोटीनला कळण्यात आणि हरभऱ्यात ४० पैसे, तूरडाळ-शेंगदाण्यात ५५ पैसे, अंड्यात एक रुपया, दुधात दीड रुपया. म्हणून मोठ्यांचं प्रोटीन कळण्यातून आणि डाळीतून काढा, अंडी-दूध लेकरांकडे वळवा. पण अंडी-दूध साफ बंद करू नका, बी-१२ कळण्यात नाही. उडीद पावपेक्षा जास्त घातला तर भाकर चिकट होते, थापताना तुटते, आणि मग घरात "नको ते कळणं" होतं. पीठ महिन्याचं दळू नका, पंधरा दिवसांत कडवटतं.

हिमोग्लोबिन दहाच्या आत असेल तर नुसत्या भाजीने ते वर येणार नाही. उपकेंद्रातल्या लोहाच्या गोळ्या मोफत आहेत, त्या नेमाने घ्यायला लावा. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर लोह अंगाला लागत नाही, तासाभराचं अंतर हवं. पोकळा, मेथी, शेवग्याचा पाला यावर लिंबू पिळा. आंबाडीत आंबटपणा आपलाच आहे.

ज्या चार घरांकडे वावर आहे त्यांनी कापसाच्या दोन ओळींत मूग किंवा उडदाची एक ओळ टाकावी. ६० ते ७० दिवसांत निघतो, म्हणजे भाद्रपदाच्या तंगीत डाळ घरात. घराची वर्षाची कडधान्याची गरज १०८ किलो, एका एकरातल्या आंतरपिकातून पावसाने साथ दिली तर तिचा मोठा भाग निघतो. तो विकू नका. काढणीला पाऊस गाठतो आणि शेंगा झाडावरच उगवतात, त्यामुळे वाळेल तशी दोन-तीन तोड्यांत शेंग तोडा, सगळं एकदम उपटायची वाट बघू नका. तणनाशक मारणार असाल तर कापसाला चालतं ते मुगाला चालेलच असं नाही, डबा वाचून मगच.

परसबागेबद्दल लोक फार मोठ्या गोष्टी सांगतात. चौरस मीटरला उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. वीस चौरस मीटरला ८० ते १०० लिटर, आणि ते पारोळ्यात मे महिन्यात डोक्यावरून आणणार कोण? बाईच. म्हणून जून ते फेब्रुवारी पूर्ण बाग, आणि मार्चनंतर फक्त मोरीच्या पाण्यावर चार झाडं: शेवगा, पपई, लिंबू, कढीपत्ता. साबणाचं पाणी नको, भांडी विसळल्याचं आणि अंघोळीचं शेवटचं चालतं. शेवगा काळ्या मातीत सपाट लावला तर पावसाळ्यात मुळं कुजून मरतो. फूटभर उंच वरंबा करा, तीन फुटांवर शेंडा खुडा, पाला हाताला येईल असा ठेवा. पोकळ्याचं चिमूटभर बी मूठभर वाळूत कालवून फोका, दर दहा दिवसांनी एक नवा वाफा. एकदम सगळं पेरलं की एका आठवड्यात खाऊन संपत नाही आणि पुढचा महिनाभर काहीच नाही. गिलके, दोडके, वाल कुंपणावर चढवा. कुंपण पऱ्हाटीचं (कापसाच्या वाळलेल्या झाडांचं) आणि दाट, नाहीतर पहिल्या हिरव्या पानाला शेजारची बकरी हजर. नऊ महिने बाग नीट चालली तर भाजीचा निम्मा खर्च वाचतो, महिन्याला सहा-सातशे रुपये.

गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते, गिरिराजासारख्या सुधारित जाती त्याच्या दुप्पट. चार-पाच कोंबड्यांवर लेकरांची अंडी निघतात. पण मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकली तर एका आठवड्यात खुराडं रिकामं. पहिली पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात-नाकात थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आठव्या आठवड्यात टोचून. लस बर्फातून आणावी लागते आणि बाटली फोडली की दोन तासांत संपवायची, त्यामुळे अकरा घरांनी पिल्लं एकाच दिवशी आणली तरच जमतं.

---

हिशोबाची वही

माझ्या बेरजेत एक चूक राहिली. जळण धरलंच नाही. डाळ-कडधान्य वाढवायला सांगतो आणि ते शिजायला लागणारा गॅस विसरतो, हे बरोबर नाही. पाच जणांच्या घरात पूर्ण स्वयंपाक गॅसवर केला तर सिलिंडर महिना-सव्वा महिना टिकतो. ६१२० मध्ये महिन्याला सातशे-आठशे मिळवा. घरं प्रत्यक्षात पऱ्हाटीवर आणि काटक्यांवर भागवतात, पण पावसाळ्यात सरपण ओलं असतं आणि तेव्हाच डाळ टाळली जाते.

यावर उपाय दोन. हरभरा-तूर रात्री भिजवून ठेवली की शिजायला निम्मा वेळ लागतो. आणि गटाच्या पहिल्या बचतीतून घरोघर एक पाच लिटरचा कुकर. गॅसजोडणी बाईच्या नावावर आहे का तेही बघा. उज्ज्वला किंवा लाडकी बहीण असलेल्या घरांना वर्षाला तीन सिलिंडरची रक्कम देणारी राज्याची अन्नपूर्णा योजना जोडणी बाईच्या नावे असेल तरच लागू होते, आणि बऱ्याच घरांत ती सासऱ्याच्या नावावर असते. नाव बदलायला एजन्सीत सासऱ्याचं संमतीपत्र, दोघांचं आधार आणि जुनं गॅसबुक लागतं. सासरे हयात नसतील तर मृत्यूचा दाखला. कार्डांची तपासणी चालूच आहे, तर त्याच फेरीत गॅसबुकावरचं नावही वहीत टिपून घ्या.